मोजायचं नाही

गेल्या रविवारी दुपारी जालना रोडवरच्या एका गेमिंग कॅफेत गेलो आणि भांडून आलो... तिथल्या कुणाचाही काही दोष नव्हता.

मी पंधरा-सोळा वर्षांपासून एक खेळ खेळतो. टेबलावर बोटाएवढे सैनिक, राक्षस, घोडेस्वार मांडायचे, फासे टाकायचे आणि लढाई लढायची. सैनिक आपले आपणच रंगवायचे. चाळिशी ओलांडलेला माणूस हे करतो म्हणून घरी जे काय ऐकावं लागतं, ते ऐकतो.

तर कॅफेत नव्या एडिशनचं रूलबुक आलं होतं. बोलता बोलता जुन्या एडिशनचा विषय निघाला आणि मी सांगितलं, की तेव्हा आधी मोजायचं नसायचं. शत्रूवर चार्ज करायचा, म्हणजे धावून हल्ला, तर अंतर नुसत्या नजरेनं ठरवायचं, "चार्ज" म्हणून मोकळं व्हायचं आणि मगच टेप लावायचा. प्रत्येकाची धाव किती इंच ते ठरलेलं; एक इंच कमी पडला की घोडेस्वार मैदानात मध्येच उघड्यावर उभे... मेलेच म्हणून समजा. आता कुणीही कधीही मोजू शकतं.

सगळे हसले. काय येडपट नियम होता, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. तुम्ही खेळत नाही, नुसते मोजता, असं काहीबाही बोलून बाहेर पडलो.

स्कूटर सुरू करताना लक्षात आलं, की आपण हे कुठल्या तोंडानं बोललो? तो नियम मीच मोडलेला आहे.

दुष्काळाची वर्षं होती ती. जायकवाडी तळाला गेलेलं, सिडकोत नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी. तेव्हा आम्ही दोघंच खेळायचो, मी आणि गिरीश. गिरीश मूळचा सोयगावकडचा, इथं प्लॉटिंगवाल्यांकडे जमीन मोजायच्या कामाला. शहर सातारा-देवळाईकडं नुसतं पसरत चाललं होतं... प्यायला पाणी नाही आणि लेआउट मात्र रोज नवं.

त्याची नजर म्हणजे काय सांगू! चौदा इंच म्हणाला की चौदाच. मी दर वेळी चुकायचो. पण फासे त्याच्यावर कायम रुसलेले, त्यामुळं शेवटी जिंकायचो मीच.

खेळ त्याच्या सिडकोतल्या घरी, पाण्याच्या दिवशी, कारण त्या दिवशी त्याला घर सोडता यायचं नाही. नळ आला की खेळ जिथल्या तिथं थांबवायचा, टेबलाला हात लावायचा नाही, आणि दोघांनी मिळून ड्रम, बादल्या, पातेली सगळं भरायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आमचं आम्ही ठरवलेलं.

सहा महिने आमची एक मोहीम चालली होती आणि शेवटची लढाई उरली होती. गिरीश तोवर एकही मोहीम जिंकला नव्हता. या वेळी तो जिंकत होता. त्यासाठी त्यानं चाळीस भालेकरी रंगवले होते... बाटलीच्या बुचात चमचाभर पाणी घेऊन, कारण ब्रश धुवायला पेलाभर पाणी घेतलं की त्याची आई ओरडायची.

माझ्या हातात एकच गोष्ट होती, घोडेस्वारांचा चार्ज. अंतर काही केल्या कळत नव्हतं. आणि तेवढ्यात नळ आला.

त्याच्या घरचे सगळे लग्नाला गावाकडं गेलेले. मी म्हणालो, माझी कंबर धरलीय यार, तू हो पुढं. तो एकटाच गेला. आतून बादल्यांचा आवाज येत होता... आणि मी त्याचाच स्टीलचा टेप उचलून मोजलं. सव्वापंधरा. माझे घोडे सोळा जायचे.

तो घामाघूम होऊन परत आला. मी लगेच चार्ज म्हणालो आणि जिंकलो. तो माझं अभिनंदन करून चहा ठेवायला गेला.

त्यानंतर गिरीश कामात अडकला. कधी ही साइट, कधी ती साइट... मीही ते खरं मानलं, माझ्या सोयीचं होतं ना. पुढं भेटी झाल्या त्या कुणाच्या लग्नात, पंगतीत, "काय चाललंय" एवढ्यापुरत्या.

रविवारी कॅफेतून तडक देवळाईला त्याच्या आताच्या घरी गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं तो दोन शिव्या देईल, मग हसेल, आणि आम्ही पुन्हा टेबल मांडू. इतक्या वर्षांनी कोण मनात ठेवतं असलं काही!

गिरीश हसला नाही. "मला तवाच कळलं होतं," तो म्हणाला. "टेप आत जातो ना, तो आवाज मी दिवसभर ऐकतो. नळापाशी होतो तरी आला ऐकू."

मग तेव्हाच का बोलला नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता, म्हणजे जणू चूक त्याचीच.

"तू सांगशील म्हणून थांबलो. पुढच्या पाण्याच्या दिवशी सांगशील, नायतर त्याच्या पुढच्या... लई दिवस थांबलो रे."

मी म्हणालो, जुन्या नियमांनी परत खेळू, माझ्या घरी ये. त्यानं नकार दिला, तोही अगदी सहज, भाजी नको म्हणावं तसा. भालेकरी त्यानं कधीच कुणाला तरी देऊन टाकले होते. मग चहा झाला, पोरांच्या शाळेचं बोलणं झालं, आणि तो मला फाटकापर्यंत सोडायला आला.

आता नियम बदललाय. मी केलं ते नव्या पुस्तकाप्रमाणं चूकसुद्धा नाही. पण त्याचा मला काडीचा उपयोग नाही... मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते गिरीश थांबला होता तोवर बोलायला हवं होतं.