चेअरमनचा ठराव

घाटनांदूरच्या सुंदररावाची दोन रूपं. सोसायटीत ते चेअरमन, अन् घरामागच्या डाळमिलीत मालक. ही दोघं एकमेकाला कधी भेटली न्हाईत, म्हणून तर गाव सुखात होतं.

दुष्काळाचं दुसरं साल. टँकरवर गाव जगत होतं. सोसायटीच्या सभेत सुंदररावाचा आवाज असा चढला, की लाऊडस्पीकरची गरज पडली न्हाई.

"सरकारनं किमान वेतन वाढवलंय. गावात काम करणाऱ्या परत्येकाला नवा दर भेटलाच पायजे! मांडा ठराव!"

टाळ्या पडल्या. ठराव झाला, सही झाली.

सोसायटीच्या हापिसाचं छत मागच्याच साली बसलं होतं, म्हणून हापिस होतं डाळमिलीच्या पुढच्या खोलीत. सेक्रेटरीनं नियमानं ठराव दाराला डकवला. हापिसाला अन् मिलीला दार एकच. सकाळी केसरबाई, भामाबाई अन् ताराबाई डाळ निवडायला आल्या, तवा ताराबाईनं तो मोठ्यानं वाचला. ती बचतगटाची सेक्रेटरी, वाचायला सोडणार थोडीच!

केसरबाईनं सूप खाली ठेवलं. "मालक, ह्ये आमाला बी लागू हाय का?"

"ते मोठ्या कारखान्यांसाठी असतंय, मावशी."

"मंग आमच्याच डोक्यावर कावून डकवलं?"

सुंदरराव चिडले. तुरीची डाळ शनिवारी लातूरच्या व्यापाऱ्याला पोचवायची होती. न्हाई पोचली तर सौदा मोडणार, अन् असल्या सालात दुसरा सौदा कुठला? मिलीला कुलूपच. तरी मालक म्हणाले, "बसून गप्पाच मारायच्या असत्यात. त्याला एवढी मजुरी? मीच निवडतो!"

"निवडा की!" म्हणून तिघीबी कडेला टेकल्या.

चेअरमन चष्मा लावून बसले. तासाभरात मांडी आखडली. दुपारी पाठ धरली. अर्धं पोतंबी झालं न्हाई. केसरबाईनं त्यांच्या निवडलेल्या डाळीत हात घातला, अन् खडे काढून ओळीनं मांडले. अकरा.

"मालक," भामाबाई म्हणाली, "खडे हिकडं टाकायचे असत्यात. डाळ तिकडं. तुमी उलटं केलंय."

"अगं, ह्येन्ला नव्या दरानं आर्धी हजेरी देऊ," केसरबाई म्हणाली. "हात नवा हाय."

सुंदररावानं दाराकडं बघितलं. सही त्यांचीच, लई ठसठशीत. शनिवार परवा होता.

"बरं, नवा दर. पण चहा बंद!"

"आमचा चहा आमी करू. तुमाला लागला तर मागा."

डाळ शनिवारी गेली. व्यापाऱ्यानं नावं ठेवली न्हाईत. सोसायटीच्या पुढल्या सभेत चेअरमन छाती काढून म्हणाले, "मजुराचं दुखणं मला विचारा. मी स्वतः मजुरीला बसलोय!"

मागून केसरबाई वरडली, "आन् खडे किती राहिलते, त्ये बी सांगा!"