बायजाकाकूंच्या पाळण्याची सुधारणा

दुसऱ्याच्या घरचा पाळणा न विचारता रंगवण्याचा अधिकार बाळाच्या मामाला असतो का, सांगा बरं? मी असतो असं धरून चाललो.

ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे दापोडीला आली होती. शेजारच्या बायजाकाकूंची सातही पोरं एकाच पाळण्यात वाढली, सगळी ठणठणीत. म्हणून आळीत बारसं कुणाचंही असो, पाळणा त्यांचाच! ताईनं तो सातव्या महिन्यातच सांगून ठेवला होता.

"शुद्ध भाबडेपणा!" मी गर्जलो. (त्या काळी मी गर्जतच असे, मीठ मागतानासुद्धा.) "लाकडाचा आणि आयुष्याचा संबंध काय?"

"वसंता, बोलू नकोस. जा, घेऊन ये," आई म्हणाली.

आणला. काळपट, तेलकट, वरचा दांडा खडबडीत. स्वतंत्र देशाचा नागरिक यात झोपणार? भिंतीवर घोषणा लिहून उरलेला लाल रंग माझ्याकडे होताच. मागच्या अंगणात दांड्यावर रंधा मारला, दोन हात रंग दिला. काय झळकला!

बारशाच्या सकाळी बायजाकाकू आल्या.

"माजा पाळणा कुटं हाय?"

"हा काय!"

"ह्यो माजा न्हाई."

"तुमचाच, काकू. सुधारलाय."

त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं. "माज्या समद्या पोरांनी दात येताना हितं चावलं व्हतं. कुटं गेल्या त्या खुणा?"

रंध्याच्या ढलप्या सकाळीच बंबात गेल्या होत्या. त्यांच्यावर तापलेल्या पाण्यानं मी मजेत आंघोळही केली होती!

काकू तडक निघून गेल्या. ताईनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. "मी याला ह्या लाल खोक्यात घालणार नाही! काकू पाळणा आपला म्हणतील तेव्हाच घालीन." आणि रडायलाच लागली. बायका चार वाजता येणार होत्या.

"सुधारलास ना?" आई कडाडली. "आता बिघडव!"

मी विटेनं रंग खरवडला. राख चोळली. चहाचं पाणी ओतलं. चुलीच्या धुरात धरला. (शेजाऱ्यांनी आग लागली म्हणून बादल्या आणल्या.)

"अजून जुना कर!"

"अजून किती, आई?"

"सात पोरांइतका!"

दातांच्या खुणा खिळ्यानं पाडल्या. ताईनं डोळे पुसत पाहिलं. "हे उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय रे."

तेवढ्यात चार वाजले. ओट्या घेऊन आलेल्या बायकांनी पाहिलं ते असं : बाळाचा मामा गुडघ्यांवर बसून पाळणा चावतोय.

कट्ट!

समोरच्या दाताचा अर्धा तुकडा सागवानातच राहिला. मागोमाग काकू आल्या. त्यांनी दांड्यावर बोट फिरवलं, मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"अगं बया! ह्यो दात लईच थोराड हाय की!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आन पोरी ते बाळ. माजाच हाय पाळणा. आता आठ पोरांनी चावलाय."

ताईनं बाळाला पाळण्यात ठेवलं. ते लगेच झोपलं, लबाड!

या रविवारी चिंचवडला भाबड्या समजुतींविरुद्ध माझं व्याख्यान आहे. जरूर या. फक्त पहिल्या दोन रांगा मोकळ्या सोडा. दात तुटल्यापासून माझे जहाल विचार फार लांबवर उडतात.