आमच्या घरची इंग्रजी पंगत

किस्से कधी ना कधी संपतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या हिल्सबरोच्या घरी एकदा चहाला यावं. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा निघतोच, आणि त्यातले निम्मे एकाच रविवारचे आहेत. फोन-कार्ड खरवडून पुण्याला बोलायचे ते दिवस. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी इथे ऑकलंडला आमच्याकडे आल्या होत्या आणि दुसऱ्याच महिन्यात म्हणू लागल्या, "समीर, माझं तिकीट अलीकडचं कर."

आम्ही नवरा-बायको ऑफिसात, लेक रिया शाळेत. संध्याकाळी आजीने मराठीत काही विचारलं तर ती उत्तर देणार इंग्रजीत. दिवसभर बोलायला माणूस नाही. आईंचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटायचं. रविवारचं लंच एकदा पार पडू दे, सोमवारी एजंटला फोन करू, असं ठरलं.

*

ते लंच आमच्या गळ्यात पडलं माझ्या जिभेमुळे. शेजारच्या हेदरचा बायकांचा एक ग्रुप होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातले झगे घालायचे, तेव्हाचंच जेवायचं, तेव्हाचेच रिवाज पाळायचे. एकदा कुंपणापाशी ती म्हणाली, "माझ्या डायनिंग रूमची जमीन उखडलीय. यंदा लंच कुठे करू?"

मी आपलं सवयीने म्हटलं, "आमच्याकडे करा की!"

पुण्यात यावर समोरचा म्हणतो, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास?" हेदर म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि डायरी आणायला आत गेली.

*

यजमानाने गुडघ्यापर्यंतची विजार आणि लांब मोजे घालायचे होते. समीरने क्रिकेटची पांढरी पँट फुटबॉलच्या मोज्यांत खोचली आणि गळ्याला माझी ओढणी बांधली. ऐनवेळी क्रीम कमी पडलं म्हणून तसाच कोपऱ्यावरच्या डेअरीत गेला.

डेअरीवाल्या गुजराती काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "हार गये क्या?"

*

सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे, एकामागून एक नाही, असं हेदरने मला बजावलं होतं. आई म्हणाल्या, "मग आपण ताटात वेगळं काय करतो?"

व्हाइट सूप मात्र त्यांना पटेना. हेदरने एका पातेल्यात बदाम आणि क्रीम आणून ठेवलं होतं, दुसऱ्यात कांदा-सेलरी उकळलेलं पाणी. दोन्ही एकत्र करून गरम करायचं. "बदामाशी असं वागतात का?" आई म्हणाल्या. मी झगा चढवून येईपर्यंत कांद्याचं पाणी सिंकमध्ये गेलं होतं आणि बदामांत साखर, वेलची, केशर पडलं होतं.

पाहुण्यांनी दोनदा मागून घेतलं. एकीने रेसिपी विचारली, तेव्हा हेदर एक घोट घेऊन गंभीरपणे म्हणाली, "फार जुनी आहे."

*

ओळख करून दिल्याशिवाय कुणी कुणाशी बोलायचं नाही आणि वयाने सगळ्यात मोठ्या बाईला मान पहिला, हा आणखी एक रिवाज. सगळ्यात मोठ्या निघाल्या आई. त्यांनी पैठणी नेसली होती. झग्यातल्या सहा बायका एकेक करून त्यांच्यापुढे गुडघ्यांत वाकल्या. आईंनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा" म्हटलं. रिया शेजारी उभी राहून भाषांतर करत होती.

इतकी माणसं या देशात त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी चमचे आणायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आले.

*

आणि शेवटी तो उठण्याचा प्रकार. मानाची बाई उठेपर्यंत कुणी खुर्ची सोडायची नाही, असा नियम. सूप झालं, बटाट्याचं पुडिंग झालं, जेली झाली. सगळ्या आईंकडे बघत बसल्या. आई सगळ्यांकडे बघत बसल्या. मधूनच कुणाची प्लेट रिकामी दिसली की त्यात पुडिंग वाढायच्या. एकीने छातीखालची रिबन हळूच सैल केली. हेदर टेबलापलीकडून मला डोळ्यांनी विनवत होती.

"आई, उठायचं का?" मी मराठीत विचारलं. "सगळ्या तुमच्यासाठी थांबल्यात."

"उठू काय? अजून ताक कुठे आलंय?"

ताक झाल्याशिवाय आईंच्या लेखी जेवण संपतच नाही. गोड आलं म्हणजे फार तर निम्मं झालं. मी आत पळाले, घरचं दही घुसळलं, मीठ-जिरेपूड घातली आणि हेदरच्या क्रिस्टलच्या ग्लासांतून ताक बाहेर आणलं. आईंनी ग्लास संपवला आणि उठल्या. खुर्च्या एकदम सरकल्या.

हेदर तेवढी ग्लास हातात धरून बसून राहिली. मग आईंना खुणांनीच विचारलं, हे करतात कसं? आईंनी रियाची वाट पाहिली नाही. हेदरचा हात धरून तिला थेट किचनमध्ये घेऊन गेल्या. तासभर दोघी तिथेच होत्या. एक मराठीत बोलत होती, एक इंग्रजीत.

संध्याकाळी समीरने विचारलं, "आई, मग उद्या एजंटला फोन करू ना?"

आई एका वाटीत चमचाभर दही काढून त्यावर झाकण ठेवत होत्या.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "इथल्या थंडीत हेदरचं विरजण लागतंय की नाही, ते बघितल्याशिवाय कशी जाऊ?"