मालकांचे फौजी बूट

मालक, माझ्या लेकराचे बाप, मोठ्या लढाईवरून परत आले ते फौजी बूट घेऊनच. घोट्याच्या वर येणारे, जाड कातड्याचे, तळाला खिळे ठोकलेले. आमच्या शिरड शहापुरात तसे बूट दुसऱ्या कुणाकडं नव्हते. ते घालून मालक शेतात जायचे. "काट्याचं भ्या न्हाई, इच्चवाचं न्हाई," म्हणायचे.

मग निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस आले. निजामाच्या बाजूची, बंदुका घेतलेली माणसं गावोगाव हिंडू लागली. एका सकाळी मी गोवऱ्या थापत होते, तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली.

"बाई, ते बंदूकवाले घरोघर बूट धुंडून राहिले! कुणी तरी जकातीचा नाका जाळला. तिथं खिळ्याच्या बुटाचे ठसे घावले म्हणं."

मालक तिकडं गेले नव्हते, पण ते कोण ऐकणार? मी घरात पळाले, बूट उचलले, अंगणातल्या वाळल्या गोवऱ्यांच्या ढिगात खोल कोंबले आणि पुन्हा थापायला बसले. गोवरी गोल होईना.

चौघं आत शिरले. माळा पाहिला, कणगी पाहिली. काही सापडलं नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांचा म्होरक्या ओट्यावर बसलेल्या मालकांना म्हणाला, "पाँव दिखा."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गावातल्या सगळ्यांचे पाय अनवाणी चालून भेगाळलेले, बोटं फाकलेली. मालकांची बोटं बुटात राहून एकमेकांवर चढलेली, घोट्याभोवती काळा घट्टा. म्होरक्या बराच वेळ वाकून बघत होता.

"फौज में था?"

"व्हय."

"जूते कहाँ हैं?"

मालकांनी तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "इकले! म्याच इकले, बाळापूरच्या बाजारात. घरात लेकरू उपाशी होतं!"

म्होरक्या माझ्याकडं वळला. त्याच्या पाठीमागं तो ढीग. एक जण त्यावर बंदुकीचा दस्ता टेकवून उभा. मी पापणी हलवली नाही. अखेर म्होरक्या म्हणाला, "झूठ निकला तो दोनों को ले जाऊँगा," आणि ते गेले.

मालक म्हणाले, "राहू दे तिथंच. एवढ्या मुलखातून त्याच बुटांनी मला घरी आणलं."

मी ऐकलं नाही. दुपारी बुटांत दगड भरले आणि पडक्या विहिरीत टाकून दिले. तीन दिवस मालक माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी फक्त पाणी मागितलं.

काही महिन्यांनी हिंदुस्थानची फौज आली. सारं गाव सडकेला धावलं. मी आतून कडी लावून घेतली होती; मालक बाहेरून दारावर थापा मारत होते, "अगं, बाहीर ये, आपली माणसं हायेत!"

मला ठाऊक होतं. पण इतक्या बुटांचा एकदम आवाज ऐकून माझा हात कडीवरून निघेना. ती सगळी फौज पुढं निघून गेल्यावरच मी दार उघडलं.