चार याद्या आणि फोनताई

आमच्या कंपनीत त्यांना सगळे फोनताईच म्हणत. तक्रारीचा फोन घ्यायचा, वहीत लिहायचा आणि ज्याचं काम असेल त्याच्या मागे लागायचं, ही त्यांची नोकरी. नवरा गेल्यावर त्या इथे लागल्या, त्याला अकरा वर्षं झाली. घरी त्या आणि त्यांची नणंद, दोघीच. नणंद शाळेतून निवृत्त झालेली, जिभेने तिखट, पण वहिनीवर जीव टाकणारी.

कंपनीचं काम असं : ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो त्यांना मशीन भाड्याने द्यायचं, बिघडलं की दुरुस्त करायचं नाहीतर बदलून द्यायचं. शहरभर सहाशे मशीनं. मी विक्रीच्या टेबलावर असतो. कोणत्या गिऱ्हाइकाकडे मशीन आहे याची यादी माझ्याकडे. निदान माझी तशी समजूत होती.

एका सोमवारी मशीन बनवणाऱ्यांचं पत्र आलं. एकाच खेपेत आलेल्या, अमुक नंबरांच्या त्रेसष्ट मशीनमधला व्हॉल्व्ह सदोष निघालाय, कधीही हवा कमी पडू शकते, आठ दिवसांत बदला. मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि साधा प्रश्न विचारला, "ही त्रेसष्ट कुठे आहेत?"

मी म्हणालो, त्या खेपेची अठ्ठावन्न घरांत. दुरुस्तीचे मिस्त्री म्हणाले, एकोणपन्नास. मशीन पोचवणारे गाडीवाले दादा म्हणाले, "मी स्वतः सहासष्ट उतरवलीत."

"त्रेसष्टाची सहासष्ट कशी होतील हो?" मालकीणबाई म्हणाल्या.

झालं, सुरू झालं. मिस्त्री माझ्यावर, मी दादांवर, दादा दोघांवर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. फोनताई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना खरं तर कुणी बोलावलंच नव्हतं, फोन सोडून आल्या होत्या.

"मशीनच्या बुडाशी पत्र्याची पट्टी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यावरचा नंबर कुणाकुणाच्या यादीत आहे?"

माझ्या यादीत नाव-पत्ता होता, नंबर नव्हता. मिस्त्रींच्या वहीत नंबर होता, पत्ता नव्हता. दादांच्या वहीत 'पिवळ्या दाराचं घर' आणि 'जिना अरुंद' असं होतं. मशीन बिघडून बदललं की दादा नवी ओळ लिहीत, जुनी खोडत नसत. म्हणून सहासष्ट. आणि मी तर काहीच लिहीत नसे, कारण गिऱ्हाईक तेच होतं ना!

मालकीणबाईंनी फोनताईंकडे पाहिलं. "तुम्ही लावाल याचा मेळ?"

"लावते. पण माझ्या तक्रारवहीसकट चारही वह्या एका टेबलावर हव्यात."

मिस्त्रींनी वही दिली ती पोटचं पोर दिल्यासारखी.

गोदामातल्या लांब टेबलावर त्यांनी सगळं पसरलं. एका मशीनला एकच ओळ. आधी पट्टीचा नंबर, मग घर, मग माणूस. जिथे अडेल तिथे फोन. मला त्यांनी मदतीला बसवलं, म्हणून ते फोन मी ऐकले.

"आजोबा, मशीनखालचा नंबर वाचता का जरा?"

"बाई, मला वाकता येत नाही. आणि वाकलो तर उठता येत नाही."

"मग नका वाकू. घरात अजून कोण आहे?"

एकच माणूस माझ्याकडे आडनावाने, मिस्त्रींकडे 'कप्तान' म्हणून आणि दादांकडे 'कुत्रेवाले' म्हणून होता. मी तीन माणसं धरून बसलो होतो. फोनताई हसल्या. "अहो, हे तिन्ही एकच. तक्रार सांगण्याआधी कुत्र्याची तब्येत सांगतात ते." अशी एक्केचाळीस दुहेरी-तिहेरी नावं त्यांनी एक केली. दादा आणि मिस्त्री रोज सकाळी त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन निघायचे आणि व्हॉल्व्ह बदलून आले की फोनताई त्या ओळीपुढे खूण करायच्या.

सातव्या दिवशी दुपारी फोन आला. बोलणाऱ्या बाईंना धाप लागत होती.

"वरच्या जाऊबाईंचं मशीन नीट करून गेलात. माझं कधी?"

फोनताईंनी यादीतली ओळ शोधली. "तुमच्या पत्त्यावर एकच मशीन आहे ना?"

"एक वर, एक खाली. आमचं बोलणं नाही, पण तुमची माणसं जिन्यातून वर जाताना दिसतात की मला."

आडनाव एक, पत्ता एक, नावाचं पहिलं अक्षरही एक. फोनताईंनी दोन्ही नोंदी एकाच बाईच्या समजून जोडल्या होत्या. खालच्या बाईंचं मशीन बदलून परत आलेलं समजून यादीतून नाहीसंच झालं होतं. फोनताई म्हणाल्या, "खिडकी उघडून ताठ बसून राहा. वीस मिनिटांत येते."

दादांनी गाडी काढली. राखीव मशीन आणि छोटा सिलिंडर घेऊन आम्ही तिघं गेलो. त्या बाई खिडकीशी बसल्या होत्या, ओठ किंचित निळसर. दादांनी आधी सिलिंडर लावला, मग मशीन बदललं. फोनताई बाईंचा हात धरून जमिनीवरच बसल्या. अर्ध्या तासाने बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला.

"चूक माझी आहे," फोनताई म्हणाल्या. "मी तुम्हाला आणि जाऊबाईंना एकच समजले."

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "आम्हाला दोघींना एक केलंत? चाळीस वर्षांत कुणाला जमलं नाही ते!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा खोकला, म्हणून आम्हीच त्यांना गप्प केलं.

फोनताई मात्र हसल्या नाहीत. ऑफिसात परतल्यावर सरळ मालकीणबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. ती यादी मीही तपासली होती, माझ्याही नजरेतून ते निसटलं होतं. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "जोडायचं ठरवलं मी. खापर दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला?" त्यांची नणंद मला नंतर भेटली तेव्हा म्हणाली, त्या दिवशी वहिनी जेवली नाही. "मी म्हटलं, अगं, एकीला चुकून गाळलंस, पण साठेक शोधलीस की. तर म्हणते, वन्सं, त्या एकीने फोन केला म्हणून कळलं. केला नसता तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक्केचाळीस जोडण्या पुन्हा उघडल्या. एकेका घरी फोन. आणखी एक चूक सापडली, बाप आणि मुलगा. सुदैवाने मुलाचं मशीन त्या त्रेसष्टांत नव्हतं. तेव्हापासून नियम झाला : शंका असेल ते वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचं, माणसाला विचारल्याशिवाय जोडायचं नाही, आणि जोडलं तरी जुन्या नोंदी पुसायच्या नाहीत.

आठव्या संध्याकाळी बासष्ट झाली. शेवटचं मशीन कुठल्याच घरात नव्हतं. ते मिस्त्रींच्याच खोलीत कापडाखाली झाकलेलं होतं, दोन वर्षं, आणि त्यावर ते चहाचा कप ठेवत. तेव्हापासून मिस्त्री माझ्या यादीबद्दल काही बोलत नाहीत.

पुढे मालकीणबाईंनी कॉम्प्युटरवर सगळ्यांसाठी एकच यादी करून घेतली. ती बनवायला आलेल्या इंजिनिअरला फोनताईंनी दोन दिवस समोर बसवून समजावलं की माणूस घर बदलतो, फोन बदलतो, लग्नानंतर नावही बदलतो, म्हणून सुरुवात पट्टीच्या नंबरापासून. जो नोंद बदलेल त्याचं नाव तिथे दिसलं पाहिजे, हेही त्यांचंच. मिस्त्रींनी तीन महिने वही आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे लिहिलं, मग वही घरी नेली.

फोनताईंना वरच्या मजल्यावर खोली मिळाली, दारावर 'नोंदप्रमुख' अशी पाटी लागली. पहिला आठवडा त्या कावऱ्याबावऱ्या होत्या. खाली फोन वाजला की उठायच्या. शेवटी मालकीणबाईंनीच सांगितलं की सकाळचा एक तास खाली बसा. आता मी त्यांच्या हाताखाली आहे. परवा मी दोन नावं जोडली, पत्ता, आडनाव, सगळं जुळत होतं.

"विचारलंत?" त्या म्हणाल्या.

"सरळ दिसतंय की हो, ताई."

त्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.