क्रेनची मान

गल्लीत त्याला सगळे झगमग म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पाटीचा रंग उडाला तसं तेही गेलं. पुढच्या खोलीत मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायच्या आणि मागच्या खोलीत शहर उभं करायचं, असा त्याचा चौदा वर्षांचा संसार. हो, संसारच. बायको म्हणायची, "लग्न केलंत माझ्याशी आणि नांदताय तिकडे."

शहर आजचं नव्हतं. अजून दोनशे वर्षांनी कुठेतरी उभं राहील, असा त्याचा अंदाज. जुन्या सीडींची छपरं, सायकलच्या आऱ्यांचे पूल, इंजेक्शनच्या नळ्यांतून वरखाली करणाऱ्या लिफ्टा. पोलादाच्या कारखान्याच्या पोटात लाल दिवा धपापायचा आणि त्याला वळसा घालून मण्यांची आगगाडी पळायची. माणूस मात्र औषधालाही नव्हता. "मग तिथला केर कोण काढणार? मीच ना?" हा बायकोचा नेहमीचा प्रश्न.

धंद्यात मात्र त्याचा एक नियम होता आणि त्या नियमाचा भारी तोरा होता. मशीनमधून काढलेला भाग जळका असो की तुटका, तो कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. "तुमचं तुमच्याजवळ," म्हणायचं. समोरचा, जळक्या मोटरी भरून देणारा कॉइलवाला असं करत नाही, हेही तो कुणी न विचारता सांगून टाकी.

हा नियम त्याने एकदाच मोडला, आणि मोडला तो सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत.

ताईचा टेबलफॅन साफ करायला आला होता. भावोजींचं अर्धं अंग गेल्यापासून ते आतल्या खाटेवर पडून असत. पंखा मान हलवत कधी त्यांच्यावर, कधी ओट्याशी उभ्या ताईवर वारा घाली. झगमगने पंखा उघडला आणि मान फिरवणारा गिअरचा डबा हातात घेतला. त्याच दिवसांत शहरातल्या कारखान्यावर उभी केलेली क्रेन त्याला छळत होती. कुठलीही मोटर लावली की ती चावी दिलेल्या माकडासारखी नाचायची. या डब्याची चाल कशी, तर जेवून उठलेल्या माणसासारखी. एक दात झिजलेला असल्याने डाव्या टोकाला 'टक्' करून जरा अडायची, मग परतायची. अस्सल क्रेन!

आठ दिवसांनी परत बसवू, असं मनाशी म्हणून त्याने तो काढला आणि क्रेनला लावला. ताईला सांगितलं, "मान गेली पंख्याची. तो भाग आता येत नाही." ती म्हणाली, "असू दे रे, वारा तर येतोय." घरचंच माणूस, भाग हातावर ठेव, असं ती कशाला म्हणेल?

आठ दिवसांचे दोन उन्हाळे झाले. आधी तो विसरला होता, हे खरं. नंतर विसरला नव्हता, हेही तितकंच खरं. नंतर त्याने ताईकडे जाणंच कमी केलं.

मग वाचनालयाच्या बाईंनी शहर पाहिलं आणि आपल्या सभागृहात मांडायला लावलं. टेबलावर स्वतःच्या वळणदार अक्षरात कार्ड ठेवलं: 'सर्व साहित्य लोकांनी टाकून दिलेले.' झगमगने ते वाचलं आणि खिशातलं पेन काढलं. पण बाईंचं अक्षर इतकं सुंदर, खोडायचं कसं?

पहिल्याच सकाळी ताई आली. इस्त्रीची साडी, हातात पिशवी. भावोजींजवळ तासभर शेजारणीला बसवून आली होती. दिवे लागले, लिफ्टा निघाल्या, लोक 'वा वा' करू लागले. ताई क्रेनपुढे उभी राहिली, आणि बघता बघता तिची मान क्रेनबरोबर फिरायला लागली. डावीकडे. टक्. उजवीकडे.

"अगं बाई! आमच्या पंख्यालाही अश्शीच उचकी लागायची. असलं एखादं आमच्या पंख्याला नाही का रे बसणार?"

"ते वेगळं असतं, ताई," तो म्हणाला.

ती भोळेपणाने बाईंकडे वळली. "फार जीव आहे हो याचा माझ्यावर. त्या भागासाठी तीन बाजार पालथे घातले बिचाऱ्याने. नाही मिळाला. मग काय, मीच फिरवते हाताने. यांच्याकडे फिरवला की ओट्यापाशी मी लोण्यासारखी वितळते, आणि माझ्याकडे फिरवला की यांना बोलता येत नाही ना, नुसते बघत राहतात."

तीन बाजार! एकही पालथा घातला नव्हता. ती थाप त्याने कधी मारली, हेही त्याला आठवेना. लोक त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते आणि त्याला टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं.

त्याने मुख्य बटण बंद केलं. अख्खं शहर मिटलं.

"अहो, हे काय? आत्ता शाळेची मुलं येतील!" बाई ओरडल्या.

त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, क्रेन उलटी केली, चार स्क्रू सोडवले. एक स्क्रू घरंगळत खुर्च्यांखाली गेला, तो त्याने तसाच जाऊ दिला. मग तो डबा त्याने कागदात न गुंडाळताच ताईच्या हातावर ठेवला. 'तुमचं तुमच्याजवळ' हे शब्द काही तोंडातून फुटले नाहीत.

"तुझ्याच पंख्याचा आहे. बिघडला नव्हता. मला हवा होता म्हणून काढला."

ताईने डबा उलटसुलट करून पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"यांना घामोळ्यांनी पाठ टेकवत नव्हती," ती म्हणाली, "तेव्हा तू येऊन बसला होतास रे. पुठ्ठ्याने वारा घालत होतास."

"हो."

तिने डबा पिशवीत टाकला. तो पिशवी घ्यायला पुढे झाला. "मी येतो, लगेच बसवून देतो."

"तू नको. कॉइलवाला बसवेल."

त्याच दुपारी कॉइलवाल्याने तो बसवला आणि संध्याकाळपर्यंत सगळा किस्सा गल्लीला ऐकवला. झगमगला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला जागाच शिल्लक नव्हती. बाईंचं कार्ड त्याने स्वतः उचललं. क्रेन शेवटपर्यंत मुकाट उभी राहिली.

आता तो दर रविवारी ताईकडे जातो, भावोजींची दाढी करतो. ताई पहिले तीन रविवार बोलली नाही. चौथ्या रविवारी चहाचा कप आदळला, म्हणजे बोललीच. पंखा खाटेवरून फिरत त्याच्याकडे यायला लागला की झगमग आपलं स्टूल हळूच मागे भिंतीशी सरकवतो.

"पुढे सरक," ती म्हणते, "तुझ्यावरही येऊ दे जरा."

"इथंच बरं आहे," तो म्हणतो, आणि भावोजींच्या हनुवटीला साबण लावत राहतो.