लाल मोटारीचं दावं

माझ्या धाकट्या मामांइतका खरेदीतला जाणकार अख्ख्या निजामी मुलखात नव्हता, आणि माझी त्यांच्याइतकी फजितीही दुसऱ्या कुणी केली नाही. राजूरला त्यांचं घर. कुणाला बैल घ्यायचा असला की दहा गावांतून त्यांना बोलावणं यायचं. पण हा माणूस बैलांवर थांबेल तर ना! चपला घेतानाही ते वास घेऊन चामड्याचं वय सांगत. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा मुलीला काही न विचारता त्यांनी तिच्या वडिलांनाच अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या. "चाल बिलकुल सरळ हाय. करून टाका सोयरीक," म्हणाले. आता यावर काय बोलायचं?

मी तेव्हा अंबडला नवा वकील होतो. जालन्याच्या एका जहागीरदारांनी आपली जुनी, दोघांपुरती, शर्यतीची लाल मोटार विकायला काढली आणि मी खुळावलो. सोमवारी हिच्यातूनच कचेरीत येतो, असं सगळ्या वकिलांना सांगून बसलो. आईनं एकच अट घातली, आधी मामांना दाखव.

मामा बैलगाडीतून आले. मोटारीभोवती तीन चकरा मारल्या, चाकं दाबली, बॉनेट उघडायला लावून आत बराच वेळ पाहिलं. मग जहागीरदारांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं, "खायला कशी हाय?"

"बहुत खाती है, मगर दौडती भी वैसीच," तो म्हणाला.

मामा खूश. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सौदा ठरला, मी आत बसलो. तेवढ्यात मामांनी मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल पुढून उपसलं आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवलं. जनावर विकलं तरी दावं विकणाऱ्याकडंच राहतं, ही आमच्याकडची रीत. पण ती मोटारीला? ड्रायव्हरनं हँडल छातीशी धरलं, डोळे पुसले आणि तो आत निघून गेला.

"मामा, त्याच्याशिवाय ही सुरू होत न्हाई!" मी ओरडलो.

"मंग? दिल्यालं दावं माघारी मागतेत का? इतकी वर्सं त्यानंच सांभाळली न्हाई का तिला?"

ढकलून पाहिली, ढिम्म. शेवटी मामांनी स्वतःचे बैल मोटारीला जुंपले. सोमवारी मी कचेरीत आलो तो असा: पुढं बैल, त्यांच्या बाजूनं मामा, मागं चाक धरून मी. सगळे वकील ओट्यावर येऊन पोट धरून हसले. लोहारानं दुसरं हँडल घडवून दिलं, तरी महिनाभर मी मामांशी बोललो नाही. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते येत, मोटारीच्या पाठीवर थाप मारत आणि जात.

काही वर्षांनी मामा गेले. पुढं मुलंबाळं झाली, दोघांची मोटार पुरेना, म्हणून मी ती विकली. घेणारा तरुण ऐटीत आत बसला आणि हँडल मागू लागला. मी देईना.

"वकीलसाब, हा काय तमाशा हाय? गाडी सुरू कशी करू?" तो चिडून म्हणाला.

त्याचं अगदी बराबर होतं. पण माझी मूठच सुटेना.